जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी टाकीतल्या पेट्रोलचं वय विचारा

गणपतीचं विसर्जन झालं आणि तिसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. "मामा, रविवारी मोकळा आहेस का? वरळीला एक गाडी बघायला जायचंय." गाडी जर्मन, २०१४ ची, दोन सीटांची, सहा सिलिंडरचं इंजिन सीटांच्या मागे बसवलेलं. किलोमीटर कमी, रंग अजून कोरा, मालक एकच. तरीही त्याच्या आवाजात काळजी होती. "मालक म्हणतात, गाडीला कायम शंभर ऑक्टेनच पाजलंय. मला ते रोजचं परवडायचं नाही. साधं घालावं तर त्यात आता वीस टक्के इथेनॉल. आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर ही गाडी टिकेल का?"

हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट सुटा करून लिहावा असं वाटलं. त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पेट्रोलचा ऑक्टेन ही एक, त्यातलं इथेनॉल ही दुसरी, आणि ते पेट्रोल किती स्वच्छ नि किती ताजं आहे ही तिसरी. लोक पहिल्या दोन गोष्टींवर तासन्‌तास वाद घालतात. मी वीसेक वर्षं जुन्या गाड्यांच्या नादात आहे, आणि या काळात ज्या सेकंडहँड स्पोर्ट्स कार पेट्रोलमुळे बिघडलेल्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेक तिसऱ्या गोष्टीने बिघडलेल्या होत्या.

ऑक्टेन: पेट्रोलचा संयम

सायकलमध्ये हवा भरताना पंप खालच्या बाजूला गरम होतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. इंजिनातही तेच होतं. पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो. साध्या घरगुती गाडीत हे दाबणं साधारण दहा पट असतं. २०१६ मध्ये भारतात आलेल्या फोर्ड मस्टँग जीटीच्या पाच लिटरच्या इंजिनात ते ११ पट आहे, तर पोर्शेच्या ९८१ पिढीतल्या केमनमध्ये साडेबारा पट. जितकं जास्त दाबाल तितकी त्याच थेंबातून ताकद जास्त मिळते. पण मिश्रण तितकंच जास्त तापतं, आणि धोका तिथे सुरू होतो.

सगळं सुरळीत असेल तर प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत तिथून सिलिंडरभर पसरत जाते. कधी कधी मात्र ज्योत पोचायच्या आधीच पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं. त्याचा हादरा पिस्टनला बसतो आणि बाहेर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. गॅरेजमध्ये याला नॉकिंग म्हणतात, जुने मिस्त्री 'इंजिन ठोकतंय' म्हणतात. क्षणभर झालं तर काही बिघडत नाही. जोरात आणि सतत होत राहिलं तर पिस्टनच्या कडा तुटतात, रिंगा मोडतात.

ऑक्टेनचा आकडा सांगतो की दाबाखाली पेट्रोल किती दम धरू शकतं. मोजणीसाठी दोन द्रवं ठरवलेली आहेत. आयसो-ऑक्टेन फार दम धरतं, त्याला १००. हेप्टेन लगेच भडकतं, त्याला शून्य. ज्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५, ते ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच संयम दाखवतं. या आकड्याचा पेट्रोलमधल्या ऊर्जेशी संबंध नाही. म्हणूनच ज्या गाडीला ९१ पुरतं तिच्यात १०० घालून काहीही पदरात पडत नाही. पैसे मात्र जातात, कारण १०० ऑक्टेनचं पेट्रोल साध्यापेक्षा जवळपास दीडपट महाग पडतं.

गाडीला किती ऑक्टेन लागतो हे टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं असतं. इथे एक गफलत फार लोक करतात. युरोपात, जपानमध्ये आणि आपल्याकडे ऑक्टेन मोजायची एक पद्धत, तर अमेरिकेत वेगळी. अमेरिकेत दोन चाचण्यांची सरासरी पंपावर लिहितात, त्यामुळे तिथला आकडा चार-पाचने कमी दिसतो. अमेरिकन पंपावरचं ९१ म्हणजे आपल्या हिशेबाने ९५-९६. अमेरिकन मालकाने इंटरनेटवर लिहिलेलं 'माझी गाडी ९१ वर मस्त चालते' हे वाचून इथेही ९१ पुरेल असं धरून चाललात, तर गाडीला तुम्ही अख्खी एक पायरी खालचं पेट्रोल देताय. दुबईहून आलेल्या गाडीचा इतिहास वाचतानाही लक्षात ठेवा की तिथे पंपावर ९१, ९५ आणि ९८ असे तीन पर्याय असतात, आणि स्पोर्ट्स कारवाले तिथे ९८ च भरतात.

आता मुख्य मुद्दा. ९८ ची शिफारस असलेल्या गाडीत ९५ घातलं तर काय होईल? गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या बहुतेक स्पोर्ट्स कारच्या इंजिनावर नॉकिंग ऐकणारा एक सेन्सर बसवलेला असतो, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखा. नॉकिंगची चाहूल लागली की गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. दाब कमी होतो, नॉकिंग थांबतं, थोडी ताकद जाते आणि पेट्रोल जरा जास्त लागतं. इंजिन सुरक्षित राहतं. म्हणजे पुस्तिकेत '९८ हवं, ९५ चालेल' असं लिहिलं असेल तर ९५ वर मुंबईत गाडी चालवताना काळजीचं कारण नाही. 'किमान ९८' असं लिहिलं असेल, तर तो आकडा पाळायचा.

मुंबईत नॉकिंग नेमकं कधी होईल, हेही समजून घ्या. पश्चिम द्रुतगती मार्गावर अंधेरीच्या आसपास गाडी रांगत असते तेव्हा इंजिनखालची हवा कढत असते, पण इंजिनावर भार जवळपास नसतो, त्यामुळे नॉकिंगही नसतं. कोस्टल रोडवर ८० च्या मर्यादेतही इंजिन आरामात असतं. खरी परीक्षा एक्स्प्रेसवेला खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना. गाडी वरच्या गियरमध्ये, फेरे कमी, पाय अर्धा दाबलेला, बाहेर एप्रिलचं ऊन. तिथे गियर खाली घेऊन इंजिनाचे फेरे वाढू द्या. फेरे जास्त असले की मिश्रणाला आपोआप भडकायला वेळच कमी मिळतो. टर्बोच्या गाड्यांना हे दुप्पट लागू आहे, कारण कमी फेऱ्यांवर जास्त भार देणं त्यांना सगळ्यात जास्त बाधतं.

एक अपवाद फार महत्त्वाचा. गाडी 'रिमॅप' केलेली असेल, म्हणजे कोणी कॉम्प्युटरमधलं मूळ गणित बदलून ताकद वाढवलेली असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. त्या नव्या गणितात राखून ठेवलेली सुरक्षिततेची जागा वापरून टाकलेली असू शकते. १०० ऑक्टेन गृहीत धरून केलेल्या रिमॅपमध्ये साधं पेट्रोल घातलं तर सेन्सर बिचारा ठिणगी मागे घेत राहतो आणि तरीही कमी पडतो. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये दहा शहरांत आणलं, त्यात मुंबई आणि पुणे होतं. तेव्हापासून 'शंभरवरचं ट्यूनिंग' केलेल्या गाड्या आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात दिसू लागल्या. मालक अभिमानाने 'कायम शंभरच' म्हणतो तेव्हा म्हणूनच मी कौतुक करायच्या आधी विचारतो, की हौस म्हणून घालत होतात, की घालावंच लागत होतं?

इथेनॉल: कोणत्या साली जन्मलेली गाडी?

जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल सरासरी १० टक्क्यांवर पोचलं. वीस टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते अलीकडे आणलं. ई-२० ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची, सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली, आणि २०२५ मध्ये ते सर्वत्र पोचलं. आज मुंबईत साध्या पंपावर नळी उचलली की ई-२० च टाकीत जातं.

इथेनॉलच्या तीन सवयी ध्यानात ठेवल्या की बाकीचं आपोआप उलगडतं.

त्यात ऊर्जा कमी असते. लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे सहा-सात टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, इथेनॉलशिवायच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घसरेल, असाच अंदाज होता. म्हणजे दहा किलोमीटर देणारी गाडी साडेनऊच्या खाली येईल. स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने यावर झोप उडवून घेऊ नये.

दुसरं म्हणजे इथेनॉलचा ऑक्टेन फार चांगला असतो, सुमारे १०८. ज्याच्या नावाने सगळे बोटं मोडतात तेच आपल्या पेट्रोलचा ऑक्टेन वर नेतंय. बीएस-६ या प्रदूषणाच्या मानकात साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१ होता. ई-२० चा ऑक्टेन ९५ आहे, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. नॉकिंगच्या दृष्टीने उच्च दाबाच्या इंजिनाला हे सोयीचंच आहे. ज्या मूळ पेट्रोलात ते मिसळतात त्याचा स्वतःचा ऑक्टेन ८४-८५ च्या घरात असतो. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

तिसरी सवय त्रासाची. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि काही प्रकारच्या रबराला फुगवतं. जुन्या गाड्यांतले नायट्राइल रबराचे पाइप, वॉशर, पंपातल्या चकत्या इथेनॉलने मऊ पडतात. गाडी उभी राहून ते सुकले की तडकतात. पाणी धरलेलं इथेनॉल अ‍ॅल्युमिनियम आणि पितळेलाही हळूहळू खातं.

म्हणून इथे गाडीच्या जन्मसालाला महत्त्व. १९९० च्या दशकातली हौसेने आणलेली जपानी गाडी असेल, तर ती ज्या देशासाठी बनली तिथल्या पेट्रोलात इथेनॉल जवळपास नसायचंच. अशा गाडीचे पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलायचा खर्च किमतीतूनच वजा करा, आणि नवे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. गॅरेजमध्ये 'वायटन'चे मागा. २०११ नंतरच्या बहुतेक युरोपीय गाड्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलला मुभा असते. ई-२० त्याच्या पुढे जातं, त्यामुळे गाडी उद्या बंद पडणार नाही, पण पाइप आणि पंप दरवर्षी डोळ्यांखालून घालायला हवेत. एप्रिल २०२३ नंतर भारतात बनलेल्या गाड्यांचे सुटे भाग ई-२० सोसणारे आहेत, आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनंही त्यासाठी जुळवलेली आहेत. सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणारा सहसा मधल्या गटात मोडतो.

इथेनॉल किती आहे हे घरीही कळतं. काचेच्या उंच मापाच्या नळीत ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घ्या, बूच लावून हलवा आणि स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, त्यामुळे तळाचा थर फुगतो. ई-२० असेल तर तो १० वरून २८ च्या आसपास जातो. इथेनॉल नसेल तर दहाचा दहाच राहतो. 'इथेनॉल नाही' म्हणून जास्त पैसे घेऊन दिलेलं पेट्रोल असं तपासता येतं. हा प्रयोग गच्चीत किंवा उघड्या अंगणात करा, आणि आसपास गॅस, उदबत्ती, सिगारेट काही नको.

पावसाळा आणि उभी गाडी

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे. मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. रस्ते खड्ड्यांचे, सखल भागात पाणी, आणि स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीला टेकायला आलेलं. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी अशा गाड्या तळघरातल्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभ्या राहतात आणि दसऱ्याला बाहेर निघतात. टाकीत मे महिन्याचं पेट्रोल तसंच.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून शेकडो हलक्या-जड द्रवांचं मिश्रण असतं. चार महिन्यांत हलके भाग आधी उडून जातात, आणि इंजिन थंड असताना पटकन पेट घेणारे तेच असतात. उरलेलं पेट्रोल हवेशी संयोग पावून चिकट होत जातं. रॉकेलच्या स्टोव्हची पिन ज्यांनी लहानपणी मारली असेल, त्यांना ते काळपट चिकट किटण आठवेल. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळीच्या, म्हणजे इंजेक्टरच्या टोकावर तसंच काहीसं बसतं. फरक एवढाच की आधुनिक इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये २०० बारच्या दाबाने, केसाएवढ्या बारीक भोकांतून फवारलं जातं. तिथे एवढंसं किटणही फवारा वाकडा करायला पुरतं. वर त्या उच्च दाबाच्या पंपाला वेगळं तेल नसतं, पेट्रोलच त्याचं वंगण. पाणी मिसळलेलं पेट्रोल वंगण म्हणून कुचकामी ठरतं.

इथेनॉल असलेल्या पेट्रोलात पाणी थोडं असेल तोवर विरघळून राहतं आणि जळून जातं. एका मर्यादेपुढे मात्र सगळं एकदम फाटतं, नासलेल्या दुधासारखं. पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, वर नुसतं पेट्रोल राहतं. टाकीतला पंप तळातूनच ओढतो, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट त्या पाण्याचा मिळतो. आणि वर जे उरलं त्याचा ऑक्टेन? इथेनॉल खाली गेलं, म्हणजे ऑक्टेन वर धरणारं कोणी राहिलं नाही. मघाचा ८४-८५ चा आकडा इथे कामाला येतो. साडेबारा पट दाबणाऱ्या इंजिनाला असं पेट्रोल म्हणजे छळ आहे.

पाणी येतं कुठून? झाकणाचं रबर गेलेलं असतं, तळघरात पाणी भरलेलं असतं, किंवा पंपावरूनच. मी स्वतः एका जुलैत, धो-धो पावसानंतर दुसऱ्या दिवशी, सखल भागातल्या एका पंपावर टाकी फुल केली आणि दोन किलोमीटरवर गाडी आचके देत बंद पडली. टो करून गॅरेजला नेली. पेट्रोल काढून काचेच्या बाटलीत ठेवलं तर दहा मिनिटांत तळाशी स्पष्ट रेघ दिसली. टाकी रिकामी करणं, लाइन धुणं, पंप बदलणं, सगळं मिळून महिन्याचा पगार गेला. तेव्हापासून पाणी तुंबलेल्या भागातल्या पंपावर मी तीन-चार दिवस जात नाही.

भेसळीबद्दल थोडंसं. महाराष्ट्राला तिची काळी आठवण आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाच्या भेसळीवर कारवाई करायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं. तेव्हा भेसळ मुख्यतः स्वस्त रॉकेलची व्हायची. पंपावर गाळणकागद मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. पेट्रोलचा थेंब कागदावर टाकला की उडून जातो, तेलकट डाग राहिला तर शंका घ्यायची. पण ही चाचणी रॉकेल-डिझेलसारख्या जड तेलापुरतीच. नाफ्थासारखं हलकं द्रावण तितक्याच सहज उडून जातं आणि कागद स्वच्छ राहतो. त्यापेक्षा घनतेची चाचणी जास्त सांगते. पेट्रोलची घनता १५ अंशांना घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान असावी लागते, आणि टँकरच्या पावतीवरच्या आकड्यापेक्षा पंपावरचा आकडा तीनहून जास्त इकडे-तिकडे नको. हा आकडा पंपावर लिहिलेला असतो, वाचत जा. मुंबईचं एक सुदैव म्हणजे भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या दोघांच्या रिफायनरी माहुलला, शहराच्या पोटातच आहेत. टँकरचा प्रवास छोटा. गर्दीच्या पंपावर रोज माल संपतो, म्हणून तिथलं पेट्रोल ताजं. मी याच कारणाने गर्दीचा पंप निवडतो.

गाडी बघायला जाल तेव्हा

वरळीच्या त्या तळघरात पोचल्यावर आधी मी बॉनेटला नाही, तर मागच्या झाकणाला हात लावला, कारण इंजिन मागे. थंड होतं. मालकांना फोनवरच सांगून ठेवलं होतं की आम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका. थंड इंजिन पहिल्यांदा कसं सुरू होतं यावरून पेट्रोलबद्दल जेवढं कळतं तेवढं नंतर तासभर चालवूनही कळत नाही. ती दुसऱ्या प्रयत्नाला सुरू झाली आणि अर्धा मिनिट थरथरली. मग टाकीचं झाकण उघडून वास घेतला. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झणझणतो. शिळ्याचा जड, आंबूस, रंगाच्या जुन्या डब्यासारखा. हा शिळा होता. "शेवटचं कधी भरलं होतं?" मालक प्रामाणिक होते. "मे महिन्यात. मग पाऊस सुरू झाला."

त्यानंतर गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर. आजकाल दोन-तीन हजारांत मिळतो आणि मोबाईलवर आकडे दाखवतो. आधी पाहायचं ते हे, की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात की 'अपूर्ण' दिसतायत. अपूर्ण असतील तर अलीकडेच कोणीतरी दोष पुसून टाकलेत किंवा बॅटरी काढली होती, आणि याचं उत्तर मालकाकडून मिळायला हवं. मग 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' नावाचा आकडा. कॉम्प्युटरने ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडावं लागतंय, ते हा आकडा सांगतो. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणून त्याच हवेसाठी ई-२० जास्त सोडावं लागतं, शुद्ध पेट्रोलच्या मानाने आठेक टक्के. जुन्या गाडीत ई-२० वर अधिक पाच ते अधिक आठ दिसलं तर घाबरू नका, कॉम्प्युटर आपलं काम करतोय.

त्या गाडीत दोन आकडे होते, कारण इंजिनाच्या तीन-तीन सिलिंडरच्या दोन बाजू. एकीकडे अधिक ७. दुसरीकडे अधिक १५.

भाचा लगेच म्हणाला, "बघ, ई-२० चा परिणाम." पण पेट्रोल दोन्ही बाजूंना एकाच टाकीतून, एकाच पंपाने जातं. दोष नुसता पेट्रोलच्या जातीचा असता तर दोन्ही आकडे सारखेच वर गेले असते. सातपर्यंतचं इथेनॉलच्या खाती टाकता येतं. वरचे आठ टक्के त्या एका बाजूच्या कशाचे तरी आहेत: हवा कुठून तरी आत शिरतेय, सेन्सर म्हातारा झालाय, नाहीतर एखादा इंजेक्टर तुंबलाय. सेकंडहँड गाडी बघताना सगळ्या रोगांचं खापर इथेनॉलवर फोडणं सोपं जातं. विकणाऱ्यालाही ते सोयीचं, कारण मग दोष सरकारचा ठरतो, गाडीचा नाही.

प्लगही काढून बघायला सांगा. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. विटकरी, गेरूसारखा लाल थर दिसला तर मालकाने बाटलीतलं ऑक्टेन बूस्टर भरपूर वापरलंय, कारण त्यातल्या काही रसायनांत लोखंड किंवा मँगनीज असतं आणि ते असा थर धरतं. लाल प्लग आणि 'कायम शंभर ऑक्टेन' या दोन गोष्टी जुळत नाहीत. बूस्टरबद्दल जाता जाता: बाटलीवरचे 'तीस पॉइंट' म्हणजे ९५ चं ९८ होणं, १२५ होणं नव्हे. एक खरा ऑक्टेन म्हणजे दहा पॉइंट.

आणखी एक समज दुरुस्त करायला हवा. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत हवेच्या व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळी साठते, कारण पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरून जातच नाही. पंपावरचं महागडं पेट्रोल किंवा टाकीत ओतायचं क्लीनर तिथवर पोचूच शकत नाही. ती काजळी अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारून काढतात. ज्या गाडीने पन्नास-साठ हजार किलोमीटर काढलेत, तिच्या मालकाला हे काम झालंय का ते विचारा, बिल मागा.

शेवटी ठरलं ते असं. गाडी भाच्याने नाकारली नाही. मालकांनी टाकी रिकामी करून इंजेक्टर मशिनवर तपासून घ्यायचे, तेही आमच्यासमोर, आणि जे निघेल त्याचा खर्च किमतीतून कापायचा. पुढच्या आठवड्यात परळच्या गॅरेजमध्ये टाकीतलं पेट्रोल काढलं. नशिबाने पाण्याची रेघ नव्हती, पण रंग चहासारखा झाला होता. सहापैकी पाच इंजेक्टरचा फवारा सरळ होता. सहावा, त्या पंधरावाल्या बाजूचा, एका कडेने ठिबकत होता. स्वच्छ करूनही सुधारला नाही, म्हणून नवा बसवला.

गाडी आता भाच्याकडे आहे. तो पंपावर ९५ चं पेट्रोल भरतो, टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही आणि दर रविवारी सकाळी वरळीहून वांद्र्यापर्यंत अर्धा तास चालवून इंजिन पुरतं गरम करतो. जूनपासून चार महिने गाडी उभी करायची त्याची तयारी नाही. पावसाची उघडीप बघून पंधरवड्यातून एकदा तरी बाहेर काढायची, आणि टाकीतलं पेट्रोल दीड-दोन महिन्यांत संपवायचंच, असं त्याने ठरवलंय. परवा स्कॅनर लावून त्याने फोटो पाठवला. एकीकडे अधिक ६, दुसरीकडे अधिक ७.